ड्रॉवरचा आवाज बंद कसा करावा? (पहाटे ४:३५ची अडचण)

पहाटपाळी (नेरूळ) | ५ जुलै, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण त्यावरून घरात रोज वाद होतोय म्हणून इथे टाकतो.

आमचं वन बीएचके. हॉलमध्ये बाबा झोपतात, वय ७८, झोप एकदम सावध. त्यांच्या दिवाणाला लागून त्यांचं सागवानी टेबल आहे. आम्ही नौपाड्यात राहायचो तेव्हा, १९८३ साली, सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. त्याच्या वरच्या ड्रॉवरमध्ये माझं पाकीट, गाडीची किल्ली, कंपनीचं ओळखपत्र. ठाणे-बेलापूर रोडवर आमची पहिली पाळी सहाला लागते, म्हणजे मी ४:३५ला तो ड्रॉवर उघडतो. उघडतो म्हणजे, आधी तो उघडतच नाही. मग हिसका दिला की "खर्रर्र" करत एकदम निम्मा बाहेर येतो. बाबा उठून बसतात आणि "कोण आहे?" विचारतात. गेली दोन वर्षं रोज मीच असतो.

उन्हाळ्यात जरा बरं, पावसाळा लागला की हाल.

दुसरी भानगड स्वयंपाकघरातली. सहा वर्षांपूर्वी ट्रॉल्या करून घेतल्या, त्यांना लोखंडी चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) आहेत. बंद करताना धाडकन आवाज, आणि एक ड्रॉवर तर मधेच अडकतो.

तेल घालू का? कुठलं? टेबलाला रंधा मारून घ्यावा का? बाबांची अट आहे: टेबलाला भोक पाडायचं नाही आणि "तो पत्रा" (म्हणजे चॅनल) बसवायचा नाही.

चकली_कडबोळी | ९:२०

पाकीट रात्री चपलांच्या कपाटावर ठेवा. प्रश्न मिटला. धागा बंद.

बंड्या_ठाणेकर | ९:२४

चकलीताईंना मम. पण मग हा धागा शंभरी कशी गाठणार?

पहाटपाळी | ९:३१

चकली, बायकोनेही हेच सुचवलं होतं. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी ओळखपत्र गमबुटात पडलं ते कंपनीच्या गेटवर पोचल्यावर कळलं.

मीठभाकर (कळवा) | ९:४८

खोबरेल लावा बोटभर. आमच्याकडे दार, खिडकी, शिलाई मशीन, सगळ्याला खोबरेल. काही बिघडत नाही.

घोडबंदरी | १०:०५

मीठभाकर, बिघडतं हो! मी हे करून बसलेय. पहिले आठ दिवस ड्रॉवर लोण्यासारखा सरकला, मी नवऱ्याला दहादा उघडून दाखवला. मग मुंग्या आल्या. मग तेलावर धूळ बसून काळी पेस्ट झाली. आणि डिसेंबरात दोन थंड दिवस आले त्यात ते थिजलं, बाटलीत थिजतं तसंच. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं ना. त्या ड्रॉवरमध्ये लेकीचे शाळेचे रुमाल होते, त्यांना अजून वडीच्या डब्यासारखा वास येतो.

लाकडावर लाकूड सरकत असेल तिथे कुठलंच पातळ तेल नको. लाकूड ते पिऊन टाकतं, वर डाग राहतो आणि आवाज परत.

मीठभाकर | १०:११

शिलाई मशीनचं मान्य करते, तिथेही आता मशीनचंच तेल घालते. पण आमच्या दाराला खोबरेलच!

तंत्रतुषार (कोपरखैरणे) | १०:३०

डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारा आणि झोपा.

रच्याकने (बाय द वे), नावातल्या ४०चा अर्थ माहितीये का कुणाला? पाणी हटवणारं मिश्रण, चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये बनवलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून.

बंड्या_ठाणेकर | १०:३३

म्हणजे नेरूळच्या टेबलाला क्षेपणास्त्राचं औषध. बाबा "कोण आहे?" विचारतील तेव्हा सांगा, नासा.

घोडबंदरी | १०:३६

हहपुवा!

रंधा_पटाशी (वर्तकनगर) | ११:५२

तुषारभाऊ, गंजलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम आहे. पण ते मुख्यतः ओल घालवायला आणि सोडवायला आहे, वंगण म्हणून फार दिवस टिकत नाही. आणि कच्च्या लाकडाला तर नकोच.

माझे वडील सुतार होते, ठाण्यातच. मी त्यांचा धंदा घेतला नाही, पण शाळेच्या सुट्ट्यांत त्यांच्या हाताखाली रंधा ओढलाय, तेवढ्या अधिकारात लिहितो.

ते गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "आवाज कसा येतो?" आणि गिऱ्हाईक तोंडाने आवाज काढून दाखवेपर्यंत हत्यारांच्या पिशवीला हात लावायचे नाहीत. भली भली माणसं, बँकेतले साहेब वगैरे, दारात उभी राहून कर्र, खर्र करायची. आम्हा पोरांना हसू आवरायचं नाही. पण निम्मं निदान तिथेच व्हायचं. कुरकुरत असेल तर लाकडावर लाकूड कोरडं घासतंय, मेण लावा. खरखर असेल तर मधे काहीतरी आलंय, वाळूचा कण, वर आलेला खिळा, सुटलेला ढलपा. तिथे मेण लावणं म्हणजे खड्ड्यावर रांगोळी. खडखडत असेल तर जागा जास्त झालीय, ड्रॉवर आत डुलतोय. आणि पहाटपाळी, तुमचा तो आधी अडून मग हिसक्याने सुटणारा "खर्रर्र", तो फुगलेल्या लाकडाचा.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. ड्रॉवरच्या बाजूच्या फळीचे रेषे आडवे जातात, म्हणून पावसाळ्यात फळीची उंची वाढते आणि वरची कड टेबलाच्या चौकटीला टेकते. सागवान बाकीच्यांपेक्षा कमी फुगतं, पण नेरूळची खाडीची हवा आणि जुलै, त्याचाही नाइलाज होतो. यावरून पुढचं सांगतो: आत्ता रंधा मारू नका. आज जेवढं जास्त दिसतंय तेवढं काढून टाकलंत तर दिवाळीनंतर लाकूड आकसेल आणि तोच ड्रॉवर खडखडायला लागेल. वडील पावसाळ्यात असली कामं घ्यायचेच नाहीत. "दसरा होऊ द्या" म्हणायचे. लोकांना वाटायचं टाळतायत.

आत्ता एवढंच करा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, रिकामा करून उलटा घाला. जिथे घासतंय तिथे चकचकीत किंवा काळे पट्टे दिसतील. दिसत नसतील तर कडांना शाळेतला खडू फासा, दोनदा आतबाहेर करा, खडू जिथे पुसला जाईल ती जागा. फक्त तेवढ्याच जागेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून रेषेच्या दिशेने हलका फिरवा, मग २२०. भुसा नीट पुसा. मग साधी पांढरी मेणबत्ती दाबून घासा, ड्रॉवरच्या कडांना आणि टेबलाच्या आतल्या पट्ट्यांनाही. आतल्या पट्ट्या लोक हमखास विसरतात.

आणखी एक पाहा. १९८३चं टेबल म्हणजे चाळीस वर्षं रोजची ये-जा. ड्रॉवरच्या खालच्या कडा पुढे झिजतात, मग तोंड खाली झुकतं आणि खालच्या आडपट्टीला घासतं. तसं असेल तर मेणाने भागणार नाही.

चकली_कडबोळी | ६ जुलै, सकाळी ७:४०

रंधा_पटाशी, रात्री बारा वाजता एवढं लिहिलंत! आता मी सकाळपासून घरातले सगळे ड्रॉवर उघडून तोंडाने आवाज काढून बघतेय. सासूबाई काळजीत आहेत.

जुनीपुराणी (नौपाडा) | ९:१५

मेणबत्तीऐवजी साबणाची वडी चालते की. आमची आई कपड्यांच्या साबणाचा उरलेला तुकडा घासायची. पन्नास वर्षं बघितलंय.

रंधा_पटाशी | ९:४०

काकू, चालतो, कोरड्या हवेत झकास चालतो. पण साबण हवेतली ओल ओढतो. आपल्याकडे जुलैत न्हाणीघरातल्या वडीचं काय होतं आठवा. तेच ड्रॉवरमध्ये होतं. पुण्यात असता तर मी वाद घातला नसता.

जुनीपुराणी | ९:५२

आम्ही तेव्हा पुण्यातच होतो. पटलं.

अवांतर: तुम्ही सगळे ड्रॉवर ड्रॉवर काय करताय? आमच्याकडे त्याला खण म्हणत. "टेबलाच्या खणात चष्मा आहे" असं म्हणायचे वडील.

बंड्या_ठाणेकर | १०:०१

खण म्हणजे ओटीचा ना?

जुनीपुराणी | १०:१८

ओटीचाही खणच. आणि घराच्या दोन खांबांमधल्या जागेलाही खण, म्हणून पाच खणी माजघर. सगळीकडे अर्थ मूळचा तोच असावा असं मला वाटतं, आखलेला तुकडा. कपड्याचा, घराचा, टेबलाचा.

तंत्रतुषार | १०:२५

आणि जो आवाज करतो तो खणखणीत.

चकली_कडबोळी | १०:२६

तुषार, बाहेर जा.

आठवणींची_पेटी (वाशी) | दुपारी १:०५

जरा वेगळं लिहिते, धागाकर्त्यांनी राग मानू नये.

आमच्याकडे उलट आहे. आईला विसरायला होतं. औषधं तिच्या पलंगाशेजारच्या कपाटात असायची, रात्री उठून ती परत एकदा रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि सकाळी आठवायचं नाही. कुलूप लावलं तर चिडायची, रडायची. त्या कपाटाचा ड्रॉवर भयंकर करकरतो. सुताराला बोलावलं होतं, तो मेण घेऊन बसलाही होता, आणि ऐनवेळी भाऊ म्हणाला, राहू दे. आता करकर ऐकू आली की मी उठते. औषधं आम्ही नंतर हलवली, तिथे आता बडीशेपेची डबी असते. पण आवाज ठेवलाय. ती उठली आहे हे मला कळतं.

मीठभाकर | १:१७

पेटीताई, काय बोलू.

बंड्या_ठाणेकर | १:४०

आमच्या आजोबांचं जांभळी नाक्याला किराणा दुकान होतं. गल्ल्याच्या ड्रॉवरला आतून पितळी घंटी होती, उघडला की टिंग. घंटी चोरासाठी आहे असं ते सांगायचे. आजी म्हणायची काकासाठी.

मॉड्युलर_माई (खारघर) | दुपारी ३:२२

सगळे टेबलात रमलेत, ट्रॉलीचं कुणी बोलतच नाहीये. मी बारा वर्षं स्वयंपाकघरांची कामं करून घेतेय, घ्या माझ्याकडून.

धाडकन आणि अडकणे ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी अडकणं. तुमचे बहुतेक टेलिस्कोपिक चॅनल असतील, म्हणजे आत बारीक पोलादी गोळ्या. या चॅनलला प्रत्येक बाजूला साधारण १२.५ ते १३ मिमी जागा लागते. म्हणजे आतली खोकी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा २५-२६ मिमी लहान हवी. सुताराने खोकी मोठी केली तर चॅनल चेपतं, लहान केली तर ते ताणून स्क्रू मारतात आणि मग गोळ्या तिरक्या चालतात. टेपने पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा. पुढचं माप बरोबर आणि मागे ३ मिमी फरक, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला टेप मागेच लावते.

माप बरोबर असेल तर ड्रॉवर काढा. चॅनलच्या मधे काळी प्लास्टिकची जिभली असते, एका बाजूची वर करायची आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, मग ओढायचं. दोन्ही एकाच दिशेला दाबून ओढत बसू नका, जिभली तुटते. आत बघा: एखादा स्क्रू ढिला होऊन डोकं वर आलंय का? फार वेळा तेच असतं. चॅनलला चपट्या डोक्याचेच स्क्रू हवेत, संपले म्हणून कुणीतरी एक गोल डोक्याचा मारून टाकतो आणि तो सहा वर्षं घासत राहतो.

स्क्रू घट्टच होत नसेल, भोक मोठं झालं असेल, तर प्लायमध्ये काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळू द्या, परत स्क्रू. पार्टिकल बोर्ड असेल तर या नादी लागू नका, तो भुसा असतो. चॅनलला जास्तीची भोकं दिलेली असतात, त्यातल्या दुसऱ्या भोकात स्क्रू मारा.

मग सफाई. कोरड्या जुन्या टूथब्रशने पीठ, मसाला, झुरळांची घाण सगळं काढा, फडक्याने पुसा. नंतर सिलिकॉन स्प्रे थोडासा, किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि जास्तीचं पुसून टाका. स्वयंपाकघरात ओलं तेल राहिलं की त्यावर पीठ बसलंच. ड्रॉवर परत बसवताना शेवटी अडल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, गोळ्यांची पट्टी पुढे सरकलेली असते. सरळ धरून एकदा ठामपणे आत ढकला, ती जागेवर जाते.

आता धाडकन. साधं चॅनल असेल तर मऊ पारदर्शक बटणं टिकल्यांसारखी मिळतात, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांना चिकटवा. किंवा नमद्याचे (फेल्टचे) गोल. दहा मिनिटांचं काम. सॉफ्ट क्लोज असेल आणि तरी आपटत असेल तर त्यातला दट्ट्या मेलाय. तो शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये ड्रॉवर पकडतो आणि हळू आत घेतो. लोक त्याला जोरात ढकलतात, विश्वास नसतो ना, म्हणून लवकर मरतो.

तंत्रतुषार | ३:४०

माई, महागड्या ऑस्ट्रियन चॅनलांचं काय मत? ब्लमचे वगैरे?

मॉड्युलर_माई | ३:५८

चांगलेच आहेत, खालून बसतात, दिसत नाहीत. ती कंपनी १९५२ साली एका घोड्याला नाल ठोकणाऱ्या माणसाने काढली, पहिला माल नालेला लावायचे खुंटे होता. पण त्यांना खोकी मिमीत अचूक लागते. माप चुकवणाऱ्या सुताराच्या हातात ते दिले तर तुम्ही पैसे देऊन तोच आवाज विकत घेता.

घोडबंदरी | ४:१०

शेवटचं वाक्य भोगलंय. आमच्या इंटेरिअरवाल्याने "इम्पोर्टेड" म्हणून लावले, आठ महिन्यांत दोन वाकले. विचारलं तर म्हणे तुम्ही भांडी जड ठेवता. स्वयंपाकघरात मग काय पिसं ठेवायची?

मॉड्युलर_माई | ४:२१

नेहमीच्या ४५ मिमी उंचीच्या चॅनलची जोडी ३५ ते ४५ किलोपर्यंत झेपवते, दर्जाप्रमाणे. पण पोळपाट, खलबत्ता, कुकर सगळं एकाच ड्रॉवरमध्ये नको, खालचा ४ मिमीचा प्लाय पोटासारखा सुटतो आणि चौकटीला घासतो. तो आवाज चॅनलचा समजून लोक चॅनल बदलतात. खालून मधोमध एक पट्टी मारली की झालं.

पहाटपाळी | १३ जुलै, संध्याकाळी ५:३०

सगळ्यांचे मनापासून धन्स. रविवारी दोन्ही कामं केली, अहवाल देतो.

ट्रॉली: माई, तुमच्या पाया पडायला हवं. गोल डोक्याचा स्क्रू! डावीकडे, मागून दुसरा. सहा वर्षं. बदलला, ब्रशने घासलं (आत किती मोहरी होती ते सांगत नाही), बटणं चिकटवली. धाडकनचं "ठप्" झालं. बायकोने पाच वेळा बंद करून पाहिलं आणि मग म्हणाली, खडखड अजून आहे. ती आतल्या चमच्यांची होती. चमच्यांखाली जुना टॉवेल कापून घातला.

टेबल: खडू लावला. वरच्या डाव्या कडेला पुसला गेला, रंधा_पटाशी, अगदी तुम्ही म्हणालात तसं. शिवाय तोंड थोडं झुकलेलं आहेच. पॉलिश पेपर फिरवताना बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. प्रत्येक वेळी "पुरे" म्हणायचे. मी थांबायचो, मग तेच म्हणायचे "अजून जरा". मेणबत्ती त्यांनी स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं, पूर्वी कधी लावली होती का? म्हणाले, दर दिवाळीला. आई गेल्यावर राहून गेलं.

आता एका बोटाने उघडतो.

सोमवारी ४:३५ला उघडला, बाबा हललेसुद्धा नाहीत. दुपारी दोनला फोन: "आज कामावर गेला नाहीस का? मी साडेसातला उठलो, दूधवाला बेल वाजवून निघून गेला."

चकली_कडबोळी | ५:४१

अरे देवा. मग आता?

पहाटपाळी | ५:४६

त्यांनी गजराचं घड्याळ लावलंय. पाच वाजताचं. ते त्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात.

बंड्या_ठाणेकर | ५:४८

खणखणीत.

रंधा_पटाशी | रात्री १०:१५

मेण दिवाळीपर्यंत टिकेल. झुकलेल्या तोंडाचं दसऱ्यानंतर बघू. झिजलेल्या कडेला सागाची पातळ पट्टी चिकटवायची, खिळा नाही, भोक नाही, बाबांना सांगून ठेवा. हवं तर मी येऊन जाईन, नेरूळ काही लांब नाही.

नवाकोरा_सभासद (ऐरोली) | १९ जुलै, सकाळी ११:०२

नमस्कार, धागा उपयुक्त. माझ्या २० इंची चॅनलची फक्त उजवी बाजू वाकली आहे. एकच नग मिळतो का? आणि तोपर्यंत खोबरेल लावलं तर?

मॉड्युलर_माई | ११:३०

जोडीनेच मिळतं. गोळ्यांच्या चॅनलला डावं-उजवं नसतं, त्यामुळे उरलेला एक जपून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. पांढऱ्या चाकाचं असेल तर डावं-उजवं वेगळं असतं, नमुना घेऊनच दुकानात जा.

घोडबंदरी | ११:३१

खोबरेल??? वर वाचा. रुमाल.